बोअर, नारळ आणि "मला माहीत आहे" म्हणजे काय

मार्च संपत आला की आमच्या औसा-निलंग्याकडं रात्री-अपरात्री बोअरच्या गाड्यांची घरघर सुरू होते. गाडी बहुतेक वेळा तमिळनाडूची, तिरुचेंगोडेकडची, त्यावरची पोरंही तिकडलीच. आणि गाडी शिवारात शिरायच्या आधी एक माणूस येऊन गेलेला असतो, पाणाड्या. जागा त्यानं दाखवलेली असते, तिथं दगड, दगडावर कुंकू, आणि शेतकऱ्याच्या खिशात सोसायटीतून नाहीतर सावकाराकडून उचललेले पैसे. बोअर कोरडी गेली की ते पैसे गेले. त्यामुळं जमिनीखाली पाणी आहे हे माणसाला कळतं कसं, हा प्रश्न आमच्याकडं थेट कर्जाला जाऊन भिडतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरी थोडी कोरडवाहू आहे. वर्गात पोरांना सांगतो की आधी निरीक्षण, मग अंदाज, मग प्रयोग, मग निष्कर्ष. संध्याकाळी पारावर बसलं तर तिथं पाणाड्याचं पण निरीक्षण असतंय, प्रयोग असतोय, आणि निष्कर्ष तर लई ठाम असतोय. मागं नववीतल्या एका पोरानं सरळ विचारलं, "सर, तुमचं पुस्तकात छापलंय म्हणून खरं आन् आबांचं खोटं, आसं कामून?" पोराचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. छापलेलं आहे म्हणून खरं हे काही उत्तर होत नाही, आणि "ते अंधश्रद्धा आहे" हे तर उत्तरच नाही, ती नुसती शिवी झाली. त्या प्रश्नामागं लागून मी ज्ञानमीमांसा, म्हणजे माणसाला कळतं कसं ह्याचा विचार, आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान जमेल तसं वाचत गेलो, आणि मला जे सापडलं ते इथं आमच्याच शिवारातल्या भाषेत मांडतोय, कारण ह्या विषयावर मराठीत जे असतं ते एकतर फार जड असतं नाहीतर फार गुळगुळीत.

आधी आबांचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण जवळून बघितल्याशिवाय बोलणं बरं नाही. आबा म्हणजे आमच्या भागातले पाणाडे, वय झालंय पण चाल ताठ आहे. वावरात आले की चपला काढतात, उजव्या तळहातावर नारळ आडवा ठेवतात, शेंडी बोटांकडं, आणि तोंडानं काही न बोलता सावकाश चालायला लागतात. मी त्यांच्या अगदी शेजारून चाललोय. दहा-वीस पावलं काही होत नाही, मग मनगटावरची शीर टरारते, अंगठ्याखालचा मांसल भाग थोडा फुगतो, आणि नारळ खरोखर उभा राहतो. ते थांबतात, मागं जातात, दुसऱ्या दिशेनं येतात, परत तिथंच उभा. "हितं दोन झिरे एकमेकाला काटूलालेत बग, दीडशेच्या आत लागतंय." ह्यात कसलंही नाटक नसतं. पैसे पण ते फार घेत नाहीत, पाणी लागलं तर टॉवेल-टोपी नि जे द्याल ते.

मग गाडी लागते. वरची काळी माती जाते, मुरूम येतो, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे झिजलेला ठिसूळ खडक, मग काळा पाषाण. पाषाण लागला की बोअरच्या तोंडातून करडा फुफाटा उडायला लागतो, आख्खं वावर धुरकट होतं, गाडीवरचा पोरगा तोंडाला फडकं बांधून दर पाइपाला एक मूठ भुकटी बाजूला ओतत जातो, त्या छोट्या छोट्या ढिगांची रांग लागते, आणि घरचे लोक बॅटरी मारून ढिगांचा रंग बघत बसतात. मधेच लाल भुकटी आली की कोणीतरी म्हणतं गेरू लागला. पाणी लागलं तर फुफाटा एकदम बसतो, भुकटीचा चिखल होतो आणि मग फवारा. नाही लागलं तर फुफाटाच फुफाटा, दोनशे, तीनशे, चारशे, आणि घरातलं कोणीच "बंद करा" म्हणायला तयार नसतं.

आता आबांच्या बाजूचा पुरावा काय, तर गावातल्या कित्येक चालू बोअर त्यांनी दाखवलेल्या आहेत. हे खरं आहे, मला नाकारायचं नाही. पण पाणाड्याला कळतं का हे तपासायला चार प्रकारच्या बोअरींचा हिशोब पाहिजे. तो हो म्हणाला आणि पाणी लागलं. हो म्हणाला आणि कोरडी गेली. नाही म्हणाला आणि तरी पाणी लागलं. नाही म्हणाला आणि कोरडीच गेली. ह्यातला पहिला खाना गावाला तोंडपाठ असतो, कारण तिथं मोटर चालू आहे, ऊस उभा आहे, येता जाता दिसतंय. दुसरा खाना हळूहळू विसरला जातो, कोरड्या बोअरच्या तोंडावर दगड ठेवतात, दोन पावसाळ्यांत तिथं गवत माजतं, आणि घरातलं माणूस पण त्या विषयावर बोलत नाही कारण बोललं की पैसे आठवतात. आणि तिसरा-चौथा खाना तर जन्मालाच येत नाही! जिथं पाणाडी नाही म्हणाला तिथं लाखभर रुपये घालून बोअर घेणारा शेतकरी मी अजून बघितलेला नाही. म्हणजे चार खान्यांपैकी एकच भरलेला, आणि त्याच्या जोरावर आपण म्हणतो अनुभव आहे. पिढ्यानपिढ्याचा अनुभव म्हणतात तो बऱ्याचदा असा एकाच खान्याचा असतो.

मग हे रिकामे खाने भरायचे कसे, मुद्दाम कोरड्या जागी बोअर घ्यायला पैसा कुठून आणायचा? ह्यावर मी बरेच दिवस विचार केला आणि उत्तर लातुरात सापडलं. शहरात तीस बाय चाळीसचा प्लॉट असतो, त्यात घर, जिना, पार्किंग, शौचखड्डा सगळं बसवून बोअरला एकच कोपरा उरतो, तिथं नारळ उभा राहो न राहो बोअर तिथंच पडते, कारण दुसरीकडं गाडीच आत जात नाही. म्हणजे जागा पाण्यानं ठरवलेली नाही, भिंतीनं ठरवलेली आहे. कोणीही न ठरवता झालेला हा केवढा मोठा प्रयोग आहे. अशा कोपऱ्यातल्या बोअरींमध्ये पाणी लागायचं प्रमाण किती, आणि त्याच खडकात, त्याच वर्षी, तेवढ्याच खोलीवर पाणाड्यानं दाखवलेल्यांचं किती, हे शेजारी शेजारी ठेवलं की बोलायला काहीतरी हाताशी येतं. समजा कोपऱ्यातल्या दहात सहांना थोडंफार पाणी लागतंय, तर पाणाड्याच्या दहात सहा ह्या यशाला काही अर्थच राहत नाही. आणि दहात नऊ असेल तर मी स्वतः आबांच्या पाया पडायला जाईन आणि हे कसं होतं ते शोधायच्या मागं लागेन.

आपल्या खडकाचं पण सांगायला पाहिजे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टवर आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. ह्या खडकाच्या अंगात पाणी मुरत नाही, पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मांजऱ्यात, भेगांत, आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात. म्हणून एका बोअरला दोन इंची पाणी आणि शेजारच्या वावरात फुफाटा असं होतं. अशा खडकात अंदाज चुकणं कुणालाही साहजिक आहे, आणि म्हणूनच एखाद-दुसऱ्या उदाहरणावरून काहीही सिद्ध करता येतं, पाणाड्याच्या बाजूनं पण आणि विरुद्ध पण.

आता मला सगळ्यात जास्त आनंद ज्या गोष्टीचा झाला ती. कार्यकारणावरचं हे सगळं भांडण आपल्याकडं हजारेक वर्षांपूर्वी फार बारकाईनं झालेलं आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणायचे की जिथं धूर तिथं आग, हा कधी न चुकणारा संबंध म्हणजे व्याप्ती. पण उलटं, जिथं आग तिथं धूर, हे खरं नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे आणि धूर नाही. धूर यायला सरपण ओलं पाहिजे. ही जी मधली लपलेली अट आहे, ओलं सरपण, तिला ते उपाधी म्हणायचे. एखादा संबंध पक्का मानायच्या आधी त्यात उपाधी लपलेली नाही ना हे शोधा, असा त्यांचा आग्रह. आणि चार्वाक, म्हणजे डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणारे, त्यांना अडवायचे की बाबांनो, उपाधी लपलेली नाही हे तुम्हाला कळणार कसं, तुम्ही तर थोड्याच चुली बघितल्यात, सगळ्या काळातल्या सगळ्या चुली कुठं बघितल्या? युरोपात डेव्हिड ह्यूम नावाच्या तत्त्वज्ञानं अठराव्या शतकात, १७३९ पासून पुढं, जवळपास हीच अडचण मांडली आणि तिथलं तत्त्वज्ञान हादरलं. आपल्याकडं ती शतकं आधी पडून होती.

हा उपाधीचा विचार आबांच्या नारळाला लावून बघा. नारळ उभा राहतो तिथं पाणी लागतं, असं समजा खरंच बऱ्याचदा होतं. पण आबांचे डोळे उघडे असतात. बांधाला उंबर आहे, खालच्या अंगाला ओढा आहे, वावराचा उतार कुठं जमा होतो, शेजारच्याची विहीर कुठल्या बाजूला आहे, हे सगळं ते आयुष्यभर बघत आलेत. मग पाणी नारळाला कळलं का त्यांच्या डोळ्यांना कळलं? डोळे ही इथली उपाधी असू शकते. ती काढून टाकायची तर असं काहीतरी करावं लागेल की उंबर नाही, ओढा नाही, उतार नाही, फक्त माणूस, काठी आणि खाली पाणी.

हे जर्मनीत झालेलं आहे. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ एका दुमजली कोठारात सरकारी पैशातून प्रयोग केला. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप, तो दहा मीटरच्या पट्ट्यात कुठंही सरकवता यायचा, वरच्या मजल्यावर पाणाडे, त्यांच्याकडंही आहेत ना, ते काटकी घेऊन चालतात. पाइप कुठं ठेवायचा ते रँडम ठरायचं. आधी ५०० च्या वर लोकांची चाचणी घेऊन त्यातले ४३ चांगले निवडले आणि त्यांच्या ८४३ परीक्षा घेतल्या. प्रयोग करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की बहुतेकांना जमलं नाही पण मोजक्या काहींना खरंच काहीतरी कळतंय. पुढं नव्वदच्या दशकात जिम एनराइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तीच आकडेवारी परत तपासली. त्याचं म्हणणं, ज्यांना तुम्ही हुशार म्हणताय त्यांना एका वेळचं यश दुसऱ्या वेळी टिकवता आलेलं नाही, आणि एवढे लोक एवढ्या वेळा अंदाज करत असतील तर काही जणांचे काही अंदाज निव्वळ योगायोगानं जवळ जाणारच. मला ह्या प्रकरणात निकालापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की प्रयोग करणाऱ्यांनी आपले आकडे छापले, फसलेले अंदाज सुद्धा, म्हणून दुसऱ्या माणसाला त्यांच्याच आकड्यांवरून त्यांना खोडता आलं. कोरड्या बोअरींची यादी सोबत दिली होती म्हणा ना.

इथं लोक लगेच म्हणतात मग काय आबा खोटारडे? अजिबात नाही, आणि हे मी ठामपणे म्हणतो. १८५३ मध्ये इंग्लंडात टेबलावर हात ठेवून बसलं की टेबल आपोआप फिरतं असं फॅड आलं होतं, तेव्हा मायकेल फॅरेडेनं, हो तोच विजेचा फॅरेडे, त्याचा छडा लावला. त्यानं हाताखाली पुठ्ठ्यांची चळत ठेवली, मधे मऊ चिकट पदार्थ, आणि खुणा केल्या, म्हणजे टेबल आधी सरकलं तर खालचा पुठ्ठा आधी सरकेल आणि हात ढकलत असतील तर वरचा. वरचा आधी सरकला. मग त्यानं एक काटा बसवला, हात किती ढकलतोय ते काट्यावर दिसायचं, तर काटा डोळ्यासमोर आल्यावर त्याच प्रामाणिक माणसांचं टेबल फिरायचं बंद झालं. ती माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना स्वतःच्या हाताचा दाब कळतच नव्हता. आबांच्या मनगटावरची ती टरारलेली शीर मला ह्या प्रयोगामुळं कळली. ज्ञानाच्या बाबतीत प्रामाणिकपणा पुरत नाही ही मला यातली सगळ्यात जड गोष्ट वाटते, कारण आपण माणसाच्या चांगुलपणावरून त्याचं म्हणणं तोलतो.

आता कार्ल पॉपर, विज्ञान कशाला म्हणायचं ह्यावर लिहिणारा तत्त्वज्ञ. पॉपर व्हिएन्नाचा, पोरगा असताना १९१९ च्या सुमाराला मानसशास्त्रज्ञ ॲडलरसोबत काम करायचा. त्यानं एकदा ॲडलरला एका मुलाची केस सांगितली, ॲडलरनं मुलाला न बघताच आपल्या सिद्धांतात ती फटकन बसवली. पॉपरनं विचारलं एवढी खात्री कशी? तर ॲडलर म्हणाला हजार केसचा अनुभव आहे. ह्यावर पॉपर म्हणाला की म्हणजे ह्या केसनं तुमचा अनुभव आता एक हजार एक झाला असणार! आणि त्याच वर्षी २९ मेच्या सूर्यग्रहणात एडिंग्टन वगैरे खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांचे फोटो काढून आइन्स्टाइनला तपासलं. आइन्स्टाइननं आधीच आकडा देऊन ठेवला होता, सूर्याजवळून येणारा प्रकाश १.७५ सेकंद कोनानं (हा सेकंद वेळेचा नाही, अंशाचा ३६०० वा भाग) वाकेल, जुन्या हिशोबानं त्याच्या निम्माच वाकायला पाहिजे होता. आकडा चुकला असता तर सिद्धांत अडचणीत आला असता, पळायला जागा नव्हती. पॉपरच्या डोक्यात हा फरक पक्का बसला आणि १९३४ मध्ये त्यानं तो नीट मांडला, की काय घडलं तर मी चूक ठरेन हे सांगता येत असेल तर ते विज्ञानाच्या अंगणात आलं.

ह्या कसोटीवर एक मजेशीर गोष्ट दिसते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्यावर आख्खा अध्याय आहे. त्यात असं सांगितलंय की जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर त्याच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागेल, पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची, आणि खणताना अर्ध्या पुरुषावर मासा सापडेल, पारव्याच्या रंगाचा दगड लागेल वगैरे. हे खरं निघेल असं मला वाटत नाही, मासा तर नाहीच. पण दावा बघा केवढा उघडा आहे. दिशा, खोली, पाण्याची चव, वाटेत लागणाऱ्या दगडाचा रंग, सगळं आधी सांगितलंय, म्हणजे चूक निघायला चार-पाच जागा स्वतःहून दिल्यात. "हितं पाणी हाय" एवढंच सांगणाऱ्यापेक्षा वराहमिहिर तपासायला कितीतरी सोपा आहे, आणि माझ्या मते तो मान त्याला द्यायलाच पाहिजे.

पण पॉपरचं एवढं वाचून थांबलं तर घोटाळा होतो. कारण अंदाज चुकला की लगेच सिद्धांत टाकून द्या असं विज्ञान तरी कुठं करतं? बोअर कोरडी गेली की आबा म्हणतात, "गाडी दोन फूट सरकली, झिरा हुकला." हे ऐकून शिकलेली माणसं मान हलवतात. मात्र युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणं चालेना तेव्हा शास्त्रज्ञांनी पण न्यूटनला टाकलं नाही, ते म्हणाले पलीकडं अजून एक न दिसलेला ग्रह असेल तो ओढतोय. ही सबबच होती की. फ्रान्सच्या ल व्हेरिए नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं तो ग्रह कुठं असेल ते गणितानं काढलं, बर्लिनच्या वेधशाळेतल्या गालेनं २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग बुध ग्रह नीट चालेना. १८५९ मध्ये त्याच ल व्हेरिएनं तीच युक्ती परत वापरली, सूर्याजवळ अजून एक ग्रह असेल, त्याचं नाव पण ठेवलं गेलं, व्हल्कन. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला. नव्हताच. शेवटी १९१५ मध्ये आइन्स्टाइननं दाखवलं की चूक न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणातच होती, बुधाच्या कक्षेचा शतकाला ४३ सेकंद कोनाचा तो फरक नव्या सिद्धांतातून सरळ निघत होता. माणूस तोच, युक्ती तीच, एकदा ग्रह सापडला आणि एकदा सिद्धांत गेला.

ह्यावरून मला जे म्हणायचंय ते असं. सबब सांगणं वाईट नाही. सबबीला तिची स्वतःची वेगळी परीक्षा देता आली पाहिजे, आणि तिला परीक्षेला बसवलं पाहिजे, एवढंच. नेपच्यूनची सबब दुर्बिणीनं तपासता येत होती. व्हल्कनची पण येत होती, म्हणून तर ती नापास झाली.

हेच मशीनवाल्याला लावतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की मी फक्त आबांच्या मागं लागलोय. आमच्याकडं मशीन लावणारे पण येतात. चार सळया एका रेषेत जमिनीत ठोकतात, बाहेरच्या दोन सळयांतून करंट सोडतात, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतात, ओल्या झिजलेल्या खडकातून करंट सहज जातो आणि कोरडा पाषाण अडवतो, त्यावरून अंदाज. त्याचा अंदाज पण चुकतो. चुकल्यावर एकजण म्हणाला की खाली गेरूचा थर होता, गेरूतून पण करंट सहज जातो, त्यामुळं मशीनला पाणी वाटलं. ही सबब ऐकून मी बोअरजवळच्या भुकटीच्या ढिगांकडं गेलो. गेरू असेल तर त्या खोलीचा ढीग लाल असणार, नसेल तर करडा, तिथंच सोक्षमोक्ष. ढीग लाल होता. शेतकऱ्याचे पैसे बुडालेच, पण मशीनवाल्याची सबब तपासता आली आणि पुढच्या वेळी गेरूच्या पट्ट्यात मशीनवर किती विसंबायचं हे कळलं. आता गाडी दोन फूट सरकली ह्या सबबीला असं कुठं गाठायचं? दोन फुटावर परत बोअर घेतली आणि तीही कोरडी गेली तर झिरा अजून दोन फूट सरकतो. मशीनवाला जर म्हणाला की "तुमच्या शिवारात दोष आहे" तर तो पण आबांच्याच रांगेत बसेल, मशीन असलं म्हणून काय झालं.

आणि तज्ज्ञांचं म्हणाल तर आमच्या तालुक्यातल्या माणसाला किल्लारी विसरून हा विषय बोलताच येत नाही. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथं मोठा भूकंप होत नाही, असं मानलं जात होतं. कोयनेला १९६७ मध्ये झाला तो धरणाशी जोडला गेला. भूकंपाच्या नकाशात आमचा भाग झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. १९९२ मध्ये गावांना लहान धक्के जाणवले होते. आणि ३० सप्टेंबर १९९३, गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला, दगडमातीच्या रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या, हजारो माणसं गेली. आजवर कधी झालं नाही म्हणून होणार नाही, ह्या अनुमानाची किंमत आमच्या भागानं अशी मोजली. चार्वाकांचा आक्षेप आणि ह्यूमचा आक्षेप मला पुस्तकात वाचून जेवढा कळला त्याच्यापेक्षा जास्त किल्लारीच्या रस्त्यानं जाताना कळतो.

पण त्यानंतर काय झालं तेही सांगायला पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीला बोअर घेतली, पाण्यासाठी नाही, खाली नेमकं काय आहे ते बघायला, ६१७ मीटर म्हणजे दोन हजार फुटांच्या वर. ३३८ मीटरला बेसॉल्ट संपला आणि त्याखालचा अतिप्राचीन खडक हातात आला, तोवर त्याच्याबद्दल जे बोललं जात होतं ते वरून केलेले अंदाज होते. २००२ मध्ये भूकंपाचा नकाशा बदलला, झोन १ हा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये गेला. व्हॉट्सअॅपवर लोक म्हणतात विज्ञान सारखं बदलतंय मग भरवसा कशावर ठेवायचा. मी म्हणतो नकाशा बदलला ह्याच गोष्टीवर ठेवा. चूक कबूल करून छापील नकाशा दुरुस्त करायची सोय त्यांच्या कामातच आहे, आणि ती फार उशिरा वापरली गेली ह्याचा राग मला आहे आणि राहील.

बरं मग काहीच पक्कं नसेल तर सगळ्यावर संशय घेत बसायचं का? दहाव्या शतकातल्या उदयनाचार्य ह्या नैयायिकाचं उत्तर मला पटतं. ते म्हणतात शंकेला पण हद्द आहे, तुमची शंका तुमच्याच वागण्याशी भांडायला लागली की तिथं ती संपली. धुराचा आणि आगीचा संबंध नसेल म्हणणारा माणूस धूर पाहिजे असला की गुपचूप आगच पेटवतो. आमच्याकडं पण तसंच आहे. पाणाड्यावर पूर्ण विश्वास आहे म्हणणारा शेतकरी बोअर घेताना शेजारच्याला विचारतोच की तुझी किती फुटावर लागली, आणि मशीनवाल्याला पण एकदा फोन करतो. वागण्यात तो आधीच चार पुरावे एकमेकांशी ताडून बघतोय, बोलण्यात तेवढा एकाचंच नाव घेतो.

ह्या सगळ्यातून आम्ही दोघा-तिघा मास्तरांनी आणि बारावीच्या पोरांनी गावात एक रजिस्टर सुरू केलंय. साधी शंभर पानी वही आहे. बोअर घ्यायच्या आधी लिहायचं, जागा कोणी दाखवली, का नुसती सोय बघून ठरली, पाणी लागेल का, किती फुटावर. मग झाल्यावर लिहायचं की किती फुटावर काय लागलं, ढिगांचे रंग काय होते, किती इंची पाणी, आणि पुढच्या मे महिन्यात ते टिकलं का. जुन्या कोरड्या बोअरी पण शोधून भरतोय, ते काम लई अवघड आहे, लोक आधी म्हणतात आमची एकच कोरडी गेली, मग म्हातारी घरातून ओरडून सांगते की लिंबाखालची विसरलास का. शहरातले प्लॉटवाले नातेवाईक पण पकडलेत, कोपऱ्यातल्या बोअरींसाठी.

आबांना विचारायला मी स्वतः गेलो होतो. मला वाटलं रागावतील. ते वही हातात घेऊन कोरे रकाने बघत बसले आणि म्हणाले, "फूट नको लिहू बाबा, फुटाचं मला बी नीट सांगता येत नाय. लागतंय का नाय एवढं लिही, आन् कोरडी गेली तर कोरडी म्हणूनच लिही, माझ्यासमोर लिही." मी म्हणलं आबा, तेवढं पुष्कळ झालं. मग त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं सही केली आणि खाली दोन शेतकऱ्यांची नावं सांगितली, ज्यांना ह्या उन्हाळ्यात बोअर घ्यायचीय.